शिरेवर शीर

१४ जानेवारी

ताई,

पाया पडतो. वाकता येतंय तोवर पडून घेतो, पुढचं पुढं.

पोस्टातल्या फोनवरून बोलायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. तू तिकडून नुसतं "काय? काय?" करतेस, मी इकडून बोंबलतो आणि अख्ख्या रांगेला आपल्या घरातलं कळतं. तुझा कान सुधारेपर्यंत पत्रच बरं.

आम्ही दोघं ठीक. नोकरीची पावणेदोन वर्षं राहिली. रोज सकाळी सहाला व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर घ्यायची, टाकीपासून सुरुवात करायची आणि एकेक गल्लीचं पाणी सोडत दहापर्यंत शेवटच्या झाकणाशी पोचायचं. तेवीस झाकणं. माझ्या एका चावीवर चार हजार माणसं तोंड धुतात, हे मी तुला दर पत्रात सांगतो ते या पत्रातही सांगून ठेवतो.

पण हल्ली एक नवीन खोडी लागलीय. टाकीचा चढ अर्धा चढलो की उजवी पोटरी धरते. कुणीतरी मुठीत घेऊन पिळावी तशी. थांबलो की दोन मिनिटांत साफ जाते, काही झालंच नव्हतं अशी. परत तेवढंच चाललो की परत हजर. बसल्या जागी काही म्हणजे काही नाही. खात्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "नसेचा त्रास दिसतोय. सिगारेट किती?" मी चार म्हणून सांगितलं. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली आणि लवकर जा म्हणाले.

नस म्हटल्यावर मला तुझीच आठवण झाली. आख्खं गाव तुझ्याकडे नसा बसवून घ्यायला येतं आणि सख्खा भाऊ चिठ्ठी घेऊन हिंडतोय. सांग, जाऊ का दवाखान्यात?

तुझा,
भिंगरी

—

२२ जानेवारी

भिंगरी,

याला म्हणतात काखेत कळसा नि गावाला वळसा. विचारलंस तेवढी तरी अक्कल दाखवलीस.

शिरेवर शीर चढलीय, दुसरं काही नाही. चाललं की ताणते, थांबलं की सैल पडते. यात कळायला अवघड काय आहे? चाळीस वर्षं मी हेच करतेय. परवा टॅक्सीवाल्याची मान अशी वाकडी झाली होती की तो रस्ता सोडून फुटपाथकडे बघत गाडी चालवायचा. दोन बोटं लावली, नस जागेवर. लहानपणापासून तुझ्या पायाला भिंगरी, एका जागी बूड टेकत नाही, मग शिरा बिचाऱ्या काय करतील?

आता ऐक. चालणं बंद. साहेबांना सांगून बसायचं काम माग. या पत्रासोबत तेलाची बाटली पाठवतेय. रोज संध्याकाळी बायकोला अंगठ्यानं टाचेपासून गुडघ्यापर्यंत दाबत न्यायला सांग. तिचा हात हलका आहे, तिला म्हणावं जोर लाव, नवरा आहे, काच नाही.

दवाखान्यात जाऊ नकोस. आधी सुई, मग फोटो, मग सुरी. बाबा चालत गेले होते आणि आपण त्यांना आणलं कसं ते तू विसरला असशील, मी नाही. माझ्या हातात जोर आहे तोवर माझ्या भावाच्या अंगाला सुरी लागणार नाही.

ताई

—

२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं सगळं ऐकलं. पंपघरात बसायचं काम मिळालं. समोर एक गोल तबकडी, तिच्यात काटा. काटा खाली आला की ओरडायचं. दिवसभर येत नाही. तेवीस झाकणं आता दुसऱ्याकडे आहेत. तो पाणी उशिरा सोडतो, बायका मला रस्त्यात अडवून विचारतात. बरं वाटतं ऐकून, खोटं कशाला बोलू?

तेल रोज चालू आहे. हिच्या अंगठ्याला घट्टा पडला. पण ताई, पाय काही म्हणावा तसा नाही. आधी चढावर धरायचा, आता सपाटीवर धरतो. घरातून निघालो की औषधाच्या दुकानापर्यंतच जेमतेम पोचतो. मग दुकानाच्या काचेत बघत उभा राहतो. दुकानदार विचारतो, काय हवंय? आतापर्यंत तीन टूथब्रश घेतले.

आणि पाय गार असतो. डावा चांगला, उजवा बर्फ. नडगीवरचे केस गळालेत. ही म्हणते, एक पाय तुमचा, एक माझा. हसण्यावारी नेतो. आडवं झालं की बोटं ठणकतात, पाय पलंगावरून खाली लोंबकळत सोडला की जरा बरं वाटतं. चिठ्ठी अजून खिशात आहे. एकदा दाखवून आलो तर?

तुझा,
भिंगरी

—

५ मार्च

भिंगरी,

ती चिठ्ठी फाड. खिशात आहे तोवर तुझं मन तिच्याकडेच धावणार.

पाय गार म्हणजे नसेत गारठा शिरलाय, एवढंच. आधी सांगितलं असतंस तर आधीच उपाय केला असता. तू नेहमी हातचं राखून सांगतोस. शेकायला हवं. रबरी पिशवी पाठवतेय, चांगल्या जाडीची आहे. अभ्रा मी शिवलाय, माझ्या जुन्या निळ्या साडीचा, तुला ओळखू येईल. पाणी उकळून भरायचं, कोमट नाही. अर्धा तास तळव्याला, अर्धा तास पोटरीला. सोसत नाही वाटलं तरी काढायची नाही. तोंड वाकडं करायची तुझी सवय मला माहीत आहे, म्हणून सांगतेय.

गारठा बाहेर पडायला लागला की पायाला रंग येईल. मला कळव.

ताई

—

२० मार्च

ताई,

पिशवी मिळाली, आणि अभ्रा बघून डोळ्यात पाणी आलं. तू ही साडी माझ्या लग्नात नेसली होतीस.

शेक रोज घेतो. तुझी भीती अगदी फुकट होती बघ, सोसायचा प्रश्नच येत नाही. हिनं हात लावला तर ओरडून मागे घेतला, आणि मला मात्र छान कोमट वाटतं. म्हणजे सोसायला शिकलो म्हणायचं. तू म्हणालीस तसा रंगही आलाय, बोटं लालबुंद झाली. अंगठ्याशेजारी एक पाण्याचा फोड आलाय, चिंचोक्याएवढा. आतला गारठाच बाहेर पडत असेल.

चिठ्ठी फाडली.

तुझा,
भिंगरी

—

२ मे

भिंगरी,

सहा आठवडे झाले, एक ओळ नाही. दोन पत्रं टाकली, दोन्हीला उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारते, आता तो मला बघून सायकलचा वेग वाढवतो.

रुसलायस का? मी फार फाडफाड बोलते, ते खरं आहे. पण तुझ्याशी नाही बोलणार तर कुणाशी? पाय कसा आहे तेवढं लिही. नाहीतर मी येते.

ताई

—

११ मे

ताई,

येऊ नकोस. काळजी करण्यासारखं काही नाही, पण मी दवाखान्यात आहे. चोवीस दिवस झाले. रागावू नकोस.

झालं असं की माझाच धांदरटपणा नडला. आंघोळीचं उकळतं पाणी उतरवताना भांडं सुटलं आणि उजव्या पायावर सांडलं. भाजलं. जखम चिघळली, बोटं काळी पडली म्हणून आणावं लागलं. दोन बोटं काढली. शेवटची दोन, तशी ती कशाच्या उपयोगाची नसतात. अंगठा शाबूत आहे.

जेवण बरं आहे. खाट खिडकीजवळ आहे. ही सकाळ-संध्याकाळ येते. सिगारेट बंद केलीय. चार नव्हत्या ग, पंधरा होत्या. ते तुलाही सांगितलं नव्हतं.

बरा झालो की लिहितो.

तुझा,
भिंगरी

—

१९ मे

भिंगरी,

तुझं पत्र वाचलं. रडले, मग तुझा राग आला, मग परत रडले.

उकळतं पाणी एकट्यानं उचलायला तुला कुणी सांगितलं होतं? नस मोकळी होत आली होती, पायाला रंग आला होता, तू स्वतः लिहिलंस. आणि ऐन वेळी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. अक्षरशः. पंधरा सिगारेटी ओढतोस आणि ताईला चार सांगतोस! समोर असतास तर कान धरला असता. दोन बोटं गेली म्हणून मन खचू देऊ नकोस. घरी आलास की शेक परत सुरू कर, उरलेली नस अर्धवट सोडू नये.

इथे मन रमवायला कामच बरं. वरच्या मजल्यावरचे बाइंडर आहेत ना, जुन्या पुस्तकांना पुठ्ठे लावणारे, त्यांचं हुबेहूब तुझ्यासारखं झालंय. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वाचनालयाच्या चढाला लागले की डावी पोटरी धरते. तीनदा थांबतात. पायही गार. मी पाहिलं आणि म्हटलं, अहो हे तर आमच्या भिंगरीचं दुखणं, मला पाठ आहे. त्यांची सून दवाखाना दवाखाना करत होती, तिला गप्प केलं. तेल सुरू आहे. काल त्यांच्यासाठी पिशवी आणली, तुझ्या पिशवीसारखीच. आज अभ्रा शिवायला घेतलाय, सोमवारपासून शेक सुरू करू. माणूस फार गरीब स्वभावाचा. सोसेन म्हणाले.

तू लवकर बरा हो.

ताई

—

२३ मे, दुपार

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, चार दिवस लागतील. ही स्टँडवर जाऊन मोटारीच्या ड्रायव्हरच्या हातात देणार आहे, त्याला तुझं घर समजावून सांगितलंय. वाचशील तशी उठ आणि वर जा. बाइंडरांकडून पिशवी काढून घे. पुढचं नंतर वाच.

गेलीस? आता ऐक.

पाणी सांडलं नव्हतं. भांडं सुटलं नव्हतं. पाय पिशवीनं भाजला. मला कोमट वाटत होतं कारण पायाला कळायचंच बंद झालं होतं. तो फोड म्हणजे गारठा नव्हता, भाजल्याचाच फोड होता. मी तुला खोटं लिहिलं, आणि हिलाही शपथ घालून गप्प बसवलं. तुला कळू नये एवढंच मनात होतं. पण आज तुझं पत्र आलं आणि कळलं की माझ्या खोट्यापायी त्या माणसाचा पाय जाईल.

इथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, रक्तवाहिनी बंद आहे. मी विचारलं, म्हणजे? ते म्हणाले, म्हणजे नस हो. मी म्हणालो, नस तर माझी ताई बसवते. ते हसले. मग पाय बघितला आणि हसायचे थांबले. म्हणाले, काम काय करता? पाणी सोडतो म्हटल्यावर त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. म्हणाले, ही मांडीतली मोठी लाइन. आतून गाळ धरून चोंदलीय. बसून असता तेव्हा पायाला थोडं रक्त पुरतं. चाललात की पोटरी जास्त मागते, लाइनीतून तेवढं येत नाही, म्हणून ती ओरडते. थांबलात की गप्प होते.

ताई, हे मला कुणी न सांगता कळायला हवं होतं. तीस वर्षं मी तेच केलं. शेवटच्या गल्लीत पाणी कमी आलं की आम्ही नळाला तेल लावत नाही, वरची लाइन बघतो. खात्याच्या डॉक्टरांनी नस म्हणण्याऐवजी नळ म्हटलं असतं तर मी त्याच दुपारी दवाखाना गाठला असता. त्यांची नस वेगळी, तुझी नस वेगळी, आणि दोघांच्या मधे माझा पाय. आजार म्हशीला, औषध पखालीला.

शेकल्यानं काय होतं तेही त्यांनी सांगितलं. गरम केलं की मांस आणखी रक्त मागतं. आधीच लाइन कोरडी, त्यात आपण सगळे नळ उघडले. आणि चालणं बंद करायचं नव्हतं. जानेवारीत आलो असतो तर सिगारेट सोडवून, गोळ्या देऊन ते मला रोज चालायलाच लावणार होते. दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. बाजूच्या बारीक वाहिन्या मोठ्या होतात म्हणे, आपोआप. मी पंपघरात काट्याकडे बघत बसलो.

बाइंडरांना जमलं तर आजच ने. सुनेचं ऐका. तिला म्हणावं, तुझंच बरोबर होतं. हे तुझ्या तोंडून तिनं ऐकायला हवं, नाहीतर ते जाणार नाहीत. लोक तुझ्या शब्दावर बसतात ग. मी बसलो तसे.

एक राहिलं. दोन बोटांवर भागलेलं नाही. लाइनीला वळसा घालून रक्त नेता येतं का ते पाहिलं, खाली जोडायला जागाच उरली नाही. गुरुवारी गुडघ्याखालून काढणार आहेत.

तू मला मारायला पिशवी पाठवली नव्हतीस. हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत असायला हवं. पण पिशवी काढून घे.

भिंगरी

—

३१ मे

भिंगरी,

ड्रायव्हर संध्याकाळी आला. पत्राच्या पहिल्या चार ओळी दारात उभ्यानं वाचल्या आणि वर गेले. सोमवारची वाट न बघता बाइंडरांनी सकाळपासूनच शेक सुरू केला होता. मला खूश करायला. पिशवी कोमट होती, देवानं एवढी दया केली, सुनेनं उकळतं पाणी भरायचं मुद्दाम टाळलं होतं. मी पिशवी ओढून घेतली तर ते माझ्याशी भांडायला लागले. बरं वाटतंय हो, राहू द्या. मी म्हणाले, माझं चुकलं, दवाखान्यात चला. ते सुनेला म्हणाले, बघ, इतकी मोठी बाई, किती नम्रपणा. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव माझ्या आड आलं. शेवटी तुझं पत्र त्यांच्यापुढे धरलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. मला नीट ऐकू येत नाही, पण कुठल्या ओळीवर आहेत ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मीही गेले. डॉक्टरीण पोरगी होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं बाइंडरांच्या पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिली. उजव्या पायावर, मग डाव्यावर, मग परत डाव्यावर. म्हणाली, इथे ठोका लागत नाही. मी विचारलं, कसला ठोका? तिनं माझा हात धरून माझी बोटं उजव्या पायावर तिच्या बोटांच्या जागी ठेवली. भिंगरी, तिथे उडत होतं. मनगटाला उडतं तसं, बारीक. डाव्यावर ठेवली, काही नाही.

चाळीस वर्षं मी पाय चोळतेय. किती माणसांचे, मोजले नाहीत. बोटांनी नस कळते म्हणून लोक यायचे, आणि पायाला ठोका असतो हे या बोटांना माहीत नव्हतं. घरी येऊन दार लावून बसले. कोण कोण आठवायला लागलं. लाँड्रीवाल्याची आई, ती पुढे अंथरुणाला खिळली. शाळेतले शिपाई. त्यांनाही मी शेकच सांगितला होता का, आठवत नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, तेही कळत नाही.

बाइंडरांचा पाय राहील म्हणतात. रोज चढ चढायला सांगितलाय, तीनदा थांबून. मी खिडकीतून बघते. ते वर हात करतात. मला हात करवत नाही.

गुरुवार होऊन गेला. तुझ्या बायकोची चिठ्ठी आली, काढला म्हणून, आणि तू शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा विचारलंस, ताईनं पिशवी काढून घेतली का. काढून घेतली रे. तुझी पिशवीही फेकून दे म्हणावं, साडीचा मोह नको.

हे पत्र आज त्याच ड्रायव्हरच्या हातात देतेय, उद्या सकाळच्या मोटारीनं मी येतेय. नको म्हणू नकोस. माफ केलं असंही म्हणू नकोस, ते मला पेलणार नाही. तू आपली नेहमीसारखी चेष्टा कर, किंवा बोलू नकोस, भिंतीकडे तोंड करून झोप. चोळणार नाही, दाबणार नाही, हात फिरवणार नाही. तुझा डावा पाय पांघरुणाबाहेर ठेव. मला त्याच्यावर फक्त दोन बोटं ठेवून बसायचंय.

ताई